सरकत्या फाटकाला रिमोट जोडताना

मावळ तालुक्यात गेल्या तीन दशकांत शेतीचे स्वरूप बरेच बदलले आहे. तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत व पवनानगर या पट्ट्यात गुलाबाची हरितगृहे उभी राहिली. कार्ला, मळवली, लोणावळा भागात शेतघरे व कृषी पर्यटन केंद्रे झाली. अशा ठिकाणी रुंद लोखंडी फाटक लागते. पहाटे फुलांची गाडी निघताना, दुधाची गाडी येताना, कोंबड्यांच्या शेडवर खाद्य उतरवताना ते दिवसातून अनेक वेळा उघडावे लागते. भर पावसात खाली उतरून तीन-चारशे किलोचे फाटक ढकलण्याचा त्रास वाचावा म्हणून अनेक बागायतदार आता मोटारीवर चालणारे सरकते फाटक बसवून घेतात.

रिमोट जोडून देणे हे कारागिराचे अर्ध्या तासाचे काम. परंतु आपोआप सरकणारे जड फाटक हे कडबाकुट्टी किंवा मळणी यंत्रासारखेच यंत्र आहे आणि त्याच्या वाटेत मूल, गुरे किंवा दुचाकीस्वार केव्हाही येऊ शकतो. म्हणून या कामाचा क्रम ठरलेला असावा. फाटक थांबवणाऱ्या सर्व जोडण्या आधी कराव्यात, त्या तपासाव्यात आणि रिमोटची नोंदणी सर्वांत शेवटी करावी.

यंत्रणेचे भाग

फाटकाच्या आतल्या बाजूस जमिनीलगत मोटारीची पेटी असते. मोटारीचे दातेरी चाक फाटकावर बसवलेल्या रॅकमध्ये, म्हणजे दाती पट्टीत, फिरते व फाटक सरकते. पेटीतच नियंत्रण पत्रा म्हणजे कंट्रोल बोर्ड असतो. फाटक पूर्ण उघडल्यावर व पूर्ण बंद झाल्यावर मोटार थांबवण्यासाठी दोन लिमिट स्विच असतात. दोन खांबांवर समोरासमोर फोटोसेलची जोडी असते. त्यांच्यामधील अदृश्य किरण कोणी अडवला, की बंद होणारे फाटक थांबते व मागे फिरते. रिमोटचा संदेश रिसीव्हर घेतो. तो बोर्डावरच असतो किंवा वेगळ्या डबीत येतो.

मोटार बसवण्यापूर्वी

फाटक हाताने ढकलून पाहावे. एका माणसाच्या साध्या जोराने ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे सरकले पाहिजे. अडखळणारे फाटक मोटारीने सुधारत नाही, मोटार मात्र जळते. फाटक उताराकडे आपोआप घरंगळत असेल तर आधी रूळ समपातळीत करून घ्यावा.

रुळाच्या दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेले लोखंडी अडसर असलेच पाहिजेत. लिमिट स्विच बिघडला तर फाटक रुळावरून निघून कोसळू नये, यासाठी हा शेवटचा आधार आहे. वरचे मार्गदर्शक रूळही मजबूत असावेत. मुले फाटकाला लोंबकळतात हे लक्षात ठेवावे.

मोटारीची क्षमता फाटकाच्या वजनाच्या किमान दीडपट निवडावी. दातेरी चाक व रॅक यांत १ ते २ मिलिमीटर फट ठेवावी. फाटकाचे वजन चाकावर येता कामा नये.

वीजपुरवठा व केबल

फाटकाची जोडणी शेतीपंपाच्या मीटरवरून घेऊ नये. पंपाच्या फीडरला दिवसाचे ठरावीक तासच वीज असते. शिवाय मंजूर कारणाव्यतिरिक्त केलेला वापर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत ठरतो. घराच्या किंवा व्यवसायाच्या जोडणीवरूनच पुरवठा घ्यावा.

शेतावर फाटक घरापासून बरेच दूर असते, त्यामुळे केबलची जाडी महत्त्वाची ठरते. मोटार सुरू होताना १० अँपिअर प्रवाह घेते असे धरू. १०० मीटर अंतरावर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये सुमारे २४ व्होल्टची घट येते. २.५ चौरस मिलिमीटरमध्ये ही घट १५ व्होल्ट व ४ चौरस मिलिमीटरमध्ये ९ व्होल्ट होते. मूळ दाबच कमी असेल तर बारीक केबलवर मोटार नुसती गुणगुणते आणि फाटक हलत नाही. म्हणून ५० मीटरपर्यंत २.५ व त्यापुढे ४ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घालावी.

जमिनीतून नेताना चिलखती केबल वापरावी. ती ७५ सेंटिमीटर खोल चरात वाळूच्या थरावर टाकून वर विटा ठेवाव्यात, म्हणजे पुढे नांगर किंवा कुदळ लागणार नाही. फोटोसेल व बटणांच्या तारा वेगळ्या नळीतून न्याव्यात. एकाच नळीत घातल्यास बोर्डाला चुकीचे संदेश मिळू शकतात.

फाटकासाठी स्वतंत्र एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. मोटारीचे आवरण व फाटक दोन्हींचे अर्थिंग करावे. ओल्या जमिनीवर उभे राहून ओले लोखंड हाताळले जाते, तेव्हा अर्थिंगशिवाय मोटार चालू करू नये. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार शिल्लक राहतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये.

थांबवणाऱ्या जोडण्या

आपल्या पंपाच्या स्टार्टरवर हिरवे व लाल बटण असते. हिरवे बटण दाबले की परिपथ जुळतो. लाल बटण एरवी जुळलेलेच असते व दाबल्यावर तुटते. लाल बटणाची तार निसटली तरी पंप बंद होतो, ही त्यातली सुरक्षितता आहे. फाटकाच्या बोर्डावर हीच पद्धत असते. रिमोट व चालू बटणाची टोके हिरव्या प्रकारची, तर थांबा बटण व फोटोसेलची टोके लाल प्रकारची असतात. पुस्तिकेत पहिल्या प्रकाराला एनओ व दुसऱ्याला एनसी म्हटलेले असते.

नव्या बोर्डावर एनसी टोकांमध्ये तारेचा छोटा तुकडा जोडून येतो. फोटोसेल जोडताना हा तुकडा काढावाच लागतो. तो तसाच राहिला तर फोटोसेलचा दिवा लागतो, सर्व काही ठीक दिसते, पण फाटक अडथळ्याला थांबत नाही. कारागीर गेल्यावर मालकाने हे स्वतः तपासावे.

फोटोसेल जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटर उंचीवर बसवावेत. ट्रॅक्टर-ट्रॉली ये-जा करत असेल तर एवढ्यावर भागत नाही. ट्रॉलीच्या हौद्याखालून, चाकांच्या मधल्या जागेतून किरण आरपार जातो व बोर्डाला वाट मोकळी वाटते. अशा फाटकाला हौद्याच्या उंचीवर दुसरी जोडी लावावी. तसेच ठरावीक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय चालू करू नये.

थांबा बटण आतल्या बाजूस, मोठ्या माणसाच्या हाताला सहज लागेल व तेथून पूर्ण फाटक दिसेल अशा ठिकाणी बसवावे.

रिसीव्हरची जोडणी

बोर्डावर रिसीव्हर नसेल किंवा तो बिघडला असेल तर वेगळा रिसीव्हर जोडता येतो. त्याच्या दोन तारा पुरवठ्याच्या व दोन रिलेच्या असतात. पुरवठा १२ की २४ व्होल्ट, हे दोन्हींवर वाचून मगच जोडावे. रिलेची कॉमन व एनओ ही टोके बोर्डाच्या चालू बटणाच्या टोकांना जोडावीत. या टोकांवर २३० व्होल्ट कधीही देऊ नयेत.

रिसीव्हर क्षणिक पद्धतीवर ठेवावा, म्हणजे बटण दाबताच रिले क्षणभर जुळून सुटेल. तो कायम पद्धतीवर राहिला तर बोर्डाला बटण सतत दाबलेले वाटते व पुढचा संदेश तो घेत नाही.

बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यासाठी अँटेनाची तार सुमारे १७.३ सेंटिमीटर लांब व सरळ असावी. ती गुंडाळून लोखंडी पेटीत कोंबल्यास रिमोट गाडीतून लागत नाही.

रिमोटची नोंदणी

प्रत्येक बनावटीची पद्धत थोडी वेगळी असते, म्हणून सोबतची पुस्तिका पाहावी. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१) फाटक हाताने मध्यावर आणून मोटारीला जोडावे व वाटेत कोणी नाही याची खात्री करावी.
२) रिसीव्हरवरील नोंदणीचे बटण दाबून सोडावे. दिवा लागतो.
३) काही सेकंदांच्या आत रिमोटचे हवे ते बटण दाबावे. दिवा लुकलुकतो. काही बनावटींत बटण दोनदा दाबावे लागते.
४) दिवा विझेपर्यंत थांबावे, नंतर रिमोट वापरून पाहावा.
५) दुसऱ्या रिमोटसाठी हीच कृती पुन्हा करावी.

एकाच बटणावर फाटक क्रमाने उघडते, थांबते, बंद होते, थांबते. फाटक डोळ्यांसमोर असल्याशिवाय बटण दाबू नये, हा नियम घरातील व कामावरील सर्वांना सांगावा.

रिमोट खरेदी करताना तो स्थिर संकेताचा की बदलत्या संकेताचा, हे विचारावे. स्थिर संकेताच्या रिमोटची नक्कल किल्लीसारखी बाजारात करून मिळते. बदलत्या संकेताचा रिमोट प्रत्येक वेळी नवा संकेत पाठवतो, त्यामुळे साधी नक्कल चालत नाही. रिमोट किती व कोणाकडे आहेत याची वहीत नोंद ठेवावी. एखादा हरवल्यास किंवा कामावरून गेलेल्या माणसाकडे राहिल्यास रिसीव्हरमधील सर्व नोंदी पुसून उरलेले रिमोट पुन्हा नोंदवावेत. पुसण्यासाठी बहुधा नोंदणीचे बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरतात.

चाचणी

फाटक उलट्या दिशेने गेल्यास मुख्य स्विच बंद करून मोटारीच्या दिशेच्या दोन तारांची अदलाबदल करावी. कॉमन तार हलवू नये. नंतर फाटक उघडत असताना उघडण्याच्या बाजूचा लिमिट स्विच लाकडी काठीने दाबावा. चुंबकीय लिमिट असल्यास चुंबक जवळ धरावे. मोटार तत्काळ थांबली पाहिजे. बंद होण्याच्या बाजूसही हेच करावे. दोन्ही बरोबर ठरल्यावरच फाटक टोकापर्यंत जाऊ द्यावे.

त्यानंतर फाटक बंद होत असताना फोटोसेलसमोर रिकामे खोके धरावे. फाटक थांबून मागे फिरले पाहिजे. ही खोक्याची चाचणी दर महिन्याला एकदा करावी. मोटारीचा जोर कमी-जास्त करण्याची सोय असते. तो फाटक सरकण्यापुरताच ठेवावा.

पावसाळ्यातील काळजी

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगावच्या बाजूस तो बराच कमी होतो. घाटमाथ्याजवळच्या फाटकाला त्यामुळे अधिक जपावे लागते. मोटारीचा चौथरा आजूबाजूच्या जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच घ्यावा. रुळाच्या बाजूने पाण्याला वाट काढून द्यावी. केबल पेटीत खालून घ्यावी व भोकाला रबरी ग्लँड लावावे. मोकळ्या भोकातून पाली व मुंग्या शिरतात आणि बोर्ड जळतो. रॅकला ग्रीस लावू नये, त्यावर चिखल व वाळू चिकटते.

दाट धुक्यात व मुसळधार पावसात फोटोसेलचा किरण अडतो व फाटक बंद होत नाही. अशा वेळी काच पुसावी, वर छोटी टोपी बसवावी, समोरासमोरची रेषा तपासावी. कंटाळून फोटोसेलची टोके तारेने जोडून टाकण्याची सवय मात्र जीवघेणी आहे. त्या तारेची आठवण ऑक्टोबरपर्यंत राहत नाही.

एप्रिल-मेमधील वळवाच्या व ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजांचा कडकडाट होतो. फाटकाच्या बोर्डासाठी सर्ज संरक्षक बसवावा. ढग दाटून येताच मुख्य स्विच बंद करून फाटक हाताने वापरावे.

नेहमीचे दोष

रिमोटचा दिवा लागत नसेल तर बॅटरी बदलावी. दिवा लागतो पण फाटक हलत नसेल तर आधी चालू बटण दाबून पाहावे. त्याने फाटक चालल्यास दोष रिमोट किंवा रिसीव्हरमध्ये आहे आणि पुन्हा नोंदणी करून पाहावी. बटणानेही न चालल्यास पुरवठा, थांबा बटण व फोटोसेल क्रमाने तपासावेत. फाटक उघडते पण बंद होत नसेल तर बहुधा फोटोसेलसमोर गवत, कोळिष्टक किंवा पाणी असते. मोटार गुणगुणते पण फिरत नसेल तर दाब कमी असतो किंवा कपॅसिटर गेलेला असतो.

वीज गेल्यावर

मोटारीच्या पेटीवर किल्लीने उघडणारी कळ असते. ती फिरवल्यावर मोटार सुटी होते व फाटक हाताने ढकलता येते. ही किल्ली मालकाच्या कपाटात असून उपयोग नाही. एक घरात व एक कामावरील जबाबदार माणसाकडे असावी. रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल किंवा गोठ्याला आग लागली असेल, तेव्हा फाटक उघडणे या किल्लीवर अवलंबून असते. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाकडून ही कृती एकदा दिवसा व एकदा अंधारात करून घ्यावी. कळ फिरवण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

मोटार बसवून देणाऱ्यास पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी आपल्यासमोर करून दाखवण्यास सांगावे: दोन्ही लिमिटवर थांबणे, खोक्याला थांबणे, थांबा बटणाने थांबणे आणि विजेशिवाय हाताने उघडणे. त्या झाल्यावर रिमोट ताब्यात घ्यावा.