वडिलांच्या नावावर घर आहे, मग म्हाडाचा फॉर्म भरता येतो का?

हा प्रश्न मला सतत विचारला जातो. उत्तर: हो, भरता येतो. म्हाडाच्या हिशेबात कुटुंब म्हणजे तुम्ही, नवरा किंवा बायको आणि अठराच्या आतली मुलं. यांच्यापैकी कुणाच्या नावावर त्या मंडळाच्या हद्दीत घर नको, एवढंच. (पंतप्रधान आवास योजनेतल्या घरांचे नियम वेगळे आहेत, ते नीट वाचा.)

उत्पन्नही नवरा-बायकोचंच मोजतात. लग्न झालं नसेल तर तुमचं एकट्याचं. मुंबईत वर्षाला 6 लाखांपर्यंत अत्यल्प गट, 9 पर्यंत अल्प, 12 पर्यंत मध्यम. म्हणजे भाड्यात अर्धा पगार घालवणारे आपल्यातले कितीतरी जण यात बसतात, आणि फॉर्मच भरत नाहीत!

2023 पासून कागदपत्रं सोडतीच्या आधीच तपासतात. त्यामुळे जाहिरातीची वाट बघू नका. आधार, पॅन, आयटीआर तयार ठेवा, अधिवास दाखल्याचा अर्ज आजच टाका; सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.

नंबर नाही लागला तर अनामत रक्कम परत येते, अर्जाची फी येत नाही. प्रतीक्षा यादीत नाव असेल तर लॉगिन बघत राहा, कारण विजेता अपात्र ठरला किंवा त्याने घर नाकारलं तर तुमचा नंबर लागू शकतो. 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्याला मात्र सरळ ब्लॉक करा. म्हाडाने एजंट नेमलेलेच नाहीत.