पझेशन नको, पैसे द्या!

कुठल्याही ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जा. एका टेबलावर एक तरी असा सापडतोच, ज्याचा टू बीएचके गेली कित्येक वर्षं ‘पुढच्या दिवाळीला’ तयार होतोय. एक तारखेला घरमालकाला भाडं, पाच तारखेला बँकेला ईएमआय आणि रविवारी बायकोला घेऊन साइटची वारी. तिथे बघायला काय, तर सातव्या मजल्यापर्यंत आलेला सांगाडा, गंजलेल्या सळया आणि सेल्स ऑफिसच्या काचेवरची ती हसरी फॅमिली. आपले केस पांढरे होतात, ती फॅमिली मात्र आहे तशीच!

मीही त्यातलाच. 2013 मध्ये पुण्याच्या पश्चिमेला, हिंजवडी जवळ पडेल म्हणून फ्लॅट बुक केला. किंमत 46 लाख. रजिस्टर्ड करारात पझेशनची तारीख डिसेंबर 2016. तोपर्यंत 37 लाख भरून झाले होते, नऊ माझे आणि अठ्ठावीस बँकेचे. डिसेंबर 2016 आला आणि गेला. आधी म्हणे वाळू मिळत नाही, मग नोटाबंदी, मग जीएसटी, मग कुठलीशी परवानगी अडकली. बिल्डरच्या ऑफिसातली मॅडम इतकी गोड बोलायची, की भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा.

आम्हा ग्राहकांच्या हातात खरं हत्यार आलं ते 1 मे 2017 ला. रेरा कायदा संसदेने 2016 मध्येच केला होता, पण पूर्णपणे लागू झाला तो या दिवशी. चालू प्रोजेक्टही महारेराकडे नोंदवणं भाग पडलं. आमच्याही बिल्डरने नोंदणी केली आणि पूर्ण होण्याची नवी तारीख टाकली डिसेंबर 2020! ग्रुपवर एकच हलकल्लोळ. ‘म्हणजे चार वर्षं माफ?’ तर नाही. डिसेंबर 2017 मध्ये मुंबई हायकोर्टाने रेरा वैध ठरवला आणि त्याच निकालात हेही स्पष्ट केलं, की उशीर मोजायचा तो ग्राहकाशी केलेल्या करारातल्या तारखेपासून. नोंदणीच्या वेळी बिल्डरने टाकलेली तारीख त्याच्यासाठी, माझ्यासाठी डिसेंबर 2016 च.

आता मुद्द्याचं. या कायद्याचं कलम 18 प्रत्येक फ्लॅटवाल्याने पाठ करावं असं आहे. तारीख चुकली की दोन रस्ते खुले होतात. एक, बाहेर पडा आणि भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत घ्या. दोन, थांबा आणि पझेशन मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्या. कुठला रस्ता घ्यायचा हे ठरवणार तुम्ही, बिल्डर नाही. महाराष्ट्रात व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात जास्तीचा एमसीएलआर अधिक दोन टक्के. गेल्या काही वर्षांत तो साधारण नऊ ते अकरा टक्क्यांच्या दरम्यान राहिला. आणि हा दर दोन्हीकडून सारखा, बरं का! जुन्या करारांमधला तो विनोद आठवतोय? आपला हप्ता लांबला तर 18 टक्के व्याज, त्याचं पझेशन लांबलं तर चौरस फुटाला महिन्याला पाच रुपये!

पण निघायचं की थांबायचं? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची याच प्रश्नावर फाळणी झाली. ‘थांबणारे’ म्हणत, अरे, त्याच रस्त्यावर तसाच फ्लॅट आता सत्तरच्या पुढे गेलाय, पैसे परत घेऊन विकत काय घेशील, टू व्हीलरचं पार्किंग? चूक नव्हतं ते. माझा हिशोब असा होता. 37 लाखांवर त्या वेळच्या 9.30 टक्के दराने वर्षाला सुमारे 3 लाख 44 हजार. सरासरी साडेसहा वर्षं धरली तर बावीस लाखांच्या वर. म्हणजे हातात सुमारे 59 लाख. बँकेला भरलेलं व्याज त्यातून निघत होतं, माझ्या नऊ लाखांवरही काहीतरी सुटत होतं, पण इतक्या वर्षांचं घरभाडं कुठेच बसत नव्हतं. त्यात टॅक्सचा झटका वेगळाच. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण कर्ज घेतल्याचं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही तर ती थेट 30 हजारांवर येते. उशीर बिल्डरचा आणि कात्री आपल्या पगाराला.

निवाडा शेवटी हिशोबाने झाला नाही, साइटने केला. आमच्या ‘ए’ विंगला स्लॅब पडत होते, माझ्या ‘सी’ विंगच्या खड्ड्याच्या कडेला बाभळी उगवल्या होत्या. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टची पानं उघडली. किती फ्लॅट विकले, काम किती टक्के, कर्जाचा बोजा किती, केसेस किती, हे सगळं तिथे दिसतं. ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रोजेक्टच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, असा नियम आहे. पण आमच्या पैशांचा मोठा भाग रेराच्या आधीच गेलेला, त्याला हे कुलूप कुठून लागणार? माझं मत विचाराल तर, काम चालू असेल आणि इमारत वर येत असेल तर थांबा आणि व्याज वसूल करा. काम बंद असेल तर निघा, आणि लवकर निघा. कारण रिफंड येतो तो त्याच बिल्डरच्या खिशातून, आणि तो खिसा रोज रिकामा होत असतो.

मी 2020 मध्ये तक्रार केली. फी पाच हजार, सगळं ऑनलाइन. वकील सक्तीचा नाही, आपली बाजू आपण मांडता येते. मी वकील केला, कारण मला डेडलाइन सांभाळायच्या होत्या. लॉकडाऊननंतर सुनावण्याही व्हिडिओवर. ऑफिसची मीटिंग रूम बुक करून, कॅलेंडरवर ‘क्लायंट कॉल’ टाकून मी हजर राहायचो. बिल्डरच्या वकिलाने कोरोनाचं कारण पुढे केलं. महारेराने 2020 मध्ये प्रोजेक्टना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती, हे खरं. पण माझी तारीख 2016 ची आणि लॉकडाऊन 2020 चा! नोव्हेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगून टाकलं, की तारीख चुकली की रिफंडचा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरची अडचण कोणतीही असो. महिन्याभरात माझा आदेश आला. व्याजासकट परत करा.

त्या रात्री आम्ही बाहेर जेवलो. घाई झाली.

आदेश म्हणजे पैसे नव्हेत

बिल्डरला अपील करायचं असेल तर ग्राहकाला देणं असलेली सगळी रक्कम व्याजासकट आधी ट्रिब्युनलमध्ये भरावी लागते, मगच त्याचं ऐकलं जातं. हा कायद्यातला सॉलिड भाग. त्यामुळे अपील करणारा बिल्डर परवडला, निदान पैसे कुठेतरी जमा होतात. आमच्याने अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत. मग पुन्हा महारेराकडे अर्ज, तिथून रिकव्हरी वॉरंट, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे. कारण ही रक्कम वसूल होते जमीन महसुलाची थकबाकी म्हणून. म्हणजे शेतसारा थकवणारा शेतकरी आणि माझा बिल्डर एकाच रांगेत! फरक इतकाच, की शेतकऱ्याचा पत्ता तलाठ्याला ठाऊक असतो.

तहसील कचेरीत लॅपटॉपची बॅग घेऊन उभा राहिलो तेव्हा तिथल्या क्लार्कने शांतपणे विचारलं, ‘त्यांच्या मालमत्तेची यादी आणलीय का?’ हे कुठल्याही वकिलाने सांगितलं नव्हतं. जप्त काय करायचं, ते शोधायला तुम्हीच मदत करायची. मग आम्ही सहा जणांनी शनिवार-रविवार वाटून घेतले. एकाने सातबारे काढले, एकीने इंडेक्स टू धुंडाळले, न विकलेल्या फ्लॅटची यादी महारेराच्या पानावरूनच मिळाली. हे काम ज्यांनी केलं नाही, त्यांची वॉरंटं फायलीतच राहिली. राज्याचं चित्रही फार वेगळं नाही. 2024 अखेरपर्यंत महारेराने सुमारे 705 कोटी रुपयांची वॉरंटं काढली होती आणि त्यातले वसूल झाले होते सुमारे 200 कोटी.

दुसरी भीती दिवाळखोरीची. बिल्डरची कंपनी एनसीएलटीत गेली की वसुली जागच्या जागी थांबते. 2018 पासून फ्लॅटवाल्यांना तिथे वित्तीय धनको मानतात आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा अर्ज करायला एकाच प्रोजेक्टमधले किमान शंभर किंवा दहा टक्के ग्राहक लागतात. आमच्यातल्या काहींना हे ब्रह्मास्त्र वाटत होतं. मला नाही. वॉरंट हातात असताना आपणच त्याला थांबवायचं? (रिफंडचा आदेश मिळालेला ग्राहकही तिथे इतर ग्राहकांसारखाच धनको, असं ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं. तेवढाच दिलासा.)

2023 च्या पावसाळ्यात त्याच्या दुसऱ्या एका जमिनीच्या सातबाऱ्यावर आमच्या वॉरंटचा बोजा चढला. ती जमीन विकायला काढलेली होती. आठ दिवसांत फोन! तीच गोड मॅडम. ‘सर, सेटलमेंट करूया का?’ प्रस्ताव होता पुढच्या तारखांचे तीन चेक आणि आजच रद्दलेखावर सही. इथे थांबा मंडळी. करार रद्द झाला की फ्लॅटवरचा तुमचा हक्क संपला, मग चेक वटो न वटो. आम्ही अट घातली, पैसे खात्यात आले की सही आणि तेव्हाच बोजा खाली. तीन महिने घासाघीस चालली. शेवटी व्याजातले थोडे सोडले, बाकी घेतले. पहिली रक्कम बँकेने कर्जापोटी वळती करून घेतली आणि मगच मूळ करार माझ्या हातात दिला.

मुद्रांक शुल्काचा परतावा यात येत नाही. त्याचा अर्ज मुद्रांक कार्यालयात वेगळा करायचा आणि त्याला मुदतीचं बंधन असतं, तेव्हा रद्दलेखाची तारीख ठरवण्याआधीच वकिलाशी बोलून घ्या. माझा अर्ज अजून तिथेच आहे.

‘ए’ विंगला 2023 मध्ये ओसी मिळालं. थांबलेली माझी एक कलीग तिथे राहायला गेली. उशिराचं व्याज तिने शेवटच्या हप्त्यातून वळतं करून घेतलं. तिच्या बाल्कनीतून ‘सी’ विंगचा खड्डा दिसतो. पावसाळ्यात तिथे बदकं येतात म्हणे.