प्रेशर वॉशर: दाबाखालच्या पाण्याशी व्यवहार

नवरात्र उलटून पावसाने खरोखरीच काढता पाय घेतला, की कोकणातल्या जांभ्याच्या गडग्यांवर, घाटावरच्या वाड्यांच्या फरसबंद अंगणांत आणि पुण्यामुंबईकडील इमारतींच्या गच्च्यांवर चार महिन्यांच्या शेवाळाचा जो हिरवा-काळा थर मागे उरतो, तो दिवाळीपूर्वी उतरविण्यास पूर्वी खराटा, तारेचा ब्रश आणि दोन गड्यांची एक सकाळ एवढी सामग्री पुरत असे. अलीकडे त्या कामासाठी चाकांवर फिरणारे आणि ‘प्रेशर वॉशर’ ह्या नावाने सर्वतोमुखी झालेले यंत्र घरोघर येऊ लागले आहे. दुकानात ते मिक्सर आणि इस्त्री ह्यांच्या पंक्तीला मांडलेले असते, आणि त्यामुळे घेणाऱ्याची अशी समजूत होते की हाही एक निरुपद्रवी गृहोपयोगी जिन्नस असून बटण दाबण्यापलीकडे त्यात शिकण्यासारखे काही नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत कधी पंपाला, कधी भिंतीला, तर क्वचित माणसाच्या बोटाला मोजावी लागते.

ह्या यंत्राच्या वंशावळीत आल्फ्रेड केर्शर ह्या जर्मन अभियंत्याचे नाव ठळकपणे येते. गरम पाण्याचे युरोपातील पहिले उच्चदाब धुलाईयंत्र त्याच्या कारखान्यात 1950 साली तयार झाले. 1959 साली तो निवर्तल्यावर त्याची पत्नी इरेने हिने कारभार हाती घेतला, आणि 1984 साली त्याच कंपनीने हाताने वाहून नेता येईल असे घरगुती यंत्र बाजारात आणले. रिओ येथील ख्रिस्ताचा पुतळा आणि अमेरिकेतील रशमोर पर्वतावरील राष्ट्राध्यक्षांचे कोरीव चेहरे ह्याच कंपनीने धुऊन दिले. ह्या कीर्तीत जाहिरातीचा भाग पुष्कळ असला, तरी असली कामे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात, हे भाडोत्री यंत्र आणून गावातल्या जुन्या दीपमाळेवर मारू पाहणाऱ्या उत्साही मंडळींनी ध्यानात घ्यावे.

यंत्राची रचना तशी साधी आहे. मोटर एका तिरप्या चकतीला फिरविते, ती चकती तीन लहान दट्ट्यांना आळीपाळीने लोटते, आणि दर फेऱ्यास ठराविक पाणी नळीत सारले जाते. दाब उत्पन्न होतो तो हातात धरावयाच्या, खटका असलेल्या ‘गन’ला जोडलेल्या लांब नळीच्या, म्हणजे लान्सच्या, टोकाशी असलेल्या सुमारे 1 मिलिमीटर व्यासाच्या छिद्राने ह्या पाण्याची वाट अडविल्यामुळे. गच्चीवरची टाकी नळाच्या तोटीपेक्षा 10 मीटर उंच असली, तर तोटीशी जेमतेम 1 बार दाब मिळतो. घरगुती यंत्रात तो 100 ते 130 बार असतो. 100 बार दाबाखालचे पाणी छिद्रातून सुटताना सेकंदाला सुमारे 140 मीटर, म्हणजे ताशी 500 किलोमीटरांचा वेग धारण करते, आणि एवढे होऊनही मिनिटाला खर्ची पडते ते अवघे 6 ते 7 लिटर. नळाची उघडी नळी धरून अंगण धुणारा गृहस्थ तेवढ्याच अवधीत त्याच्या दुपटी-तिपटीने पाणी ओतीत असतो, तेव्हा उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांना हा गुण थोडाथोडका नव्हे.

परंतु हाच वेग धोक्याचेही कारण आहे. सुमारे 7 बार दाबाचा बारीक झोत अखंड त्वचा भेदू शकतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या हातातल्या यंत्राचा दाब त्याच्या पंधरापटीच्या घरात जातो. झोतासमोर बोट आले, तर वर दिसते ते केवळ टाचणी टोचल्यासारखे एक छिद्र. रक्ताचा थेंबही धड येत नाही, आणि पहिल्या तासाभरात ठणकाही बेताचाच असतो. आत मात्र पाणी, साबण आणि अंगणातली घाण कंडरांच्या आवरणांतून तळहाताकडे पसरलेली असते, आणि काही तासांनी सूज, बधिरता व जंतुसंसर्ग एकदमच डोके वर काढतात. अशा जखमेवर हळद चेपून घरी बसणे हा आत्मघात होय. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे, आणि तेथे ‘पाण्याने कापले’ असे मोघम न सांगता ‘उच्च दाबाच्या यंत्राचे पाणी बोटात शिरले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. कारण त्या छिद्राकडे पाहून प्रथमोपचार करणाऱ्यासही मामला किरकोळच वाटण्याचा संभव असतो.

सबब झोत कोणाकडेही, थट्टेने वा पायांची माती काढण्यासाठीसुद्धा, वळवू नये. मुले आणि पाळीव जनावरे दूर ठेवावीत. डोळ्यांना चष्मा, पायांत चपलेऐवजी गमबूट, आणि शेवाळाचे व पाखरांच्या विष्ठेचे तुषार नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून मुखपट्टी असावी. गन खाली ठेवताना खटक्याची कळ अडकवावी. वाहने धुण्याच्या काही केंद्रांत खटका दोरीने कायमचा आवळून बांधलेला दिसतो. निसटलेली गन जमिनीवर स्वैर फिरू लागली म्हणजे काय अनर्थ होतो, ह्याची कल्पना बांधणाऱ्यास नसावी, एवढाच त्याचा अर्थ. शिडीवर चढून तर हे काम करूच नये. घरगुती यंत्राचा उलटा धक्का दीड-दोन किलोंच्या वजनाएवढाच असतो, पण ओल्या शिडीवरून तोल जाण्यास तेवढा पुरेसा होतो.

विजेचा बंदोबस्त यंत्र घेण्याआधीच करावा. 1800 वॉटचे यंत्र 230 व्होल्टवर सुमारे 8 अँपिअर प्रवाह ओढते, म्हणजे त्याला 6 अँपिअरचा साधा प्लग चालत नाही. 16 अँपिअरचा, अर्थिंगची खातरजमा केलेला पॉवर प्लगच हवा. त्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी नसेल, तर ओल्या अंगणात उभे राहून हे यंत्र चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्यांच्या माळेसाठी आणलेली बारीक तारेची एक्स्टेन्शन येथे तापते, आणि तिचा सांधा थारोळ्यात पडला म्हणजे पुढचे सांगावयास नको. पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रांना विजेची भीती नसली, तरी त्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. ती बंद गॅरेजमध्ये वा तळघरात कदापि चालवू नयेत.

आता काय धुवावे आणि काय धुऊ नये. नोझलांच्या रंगांचा एक रूढ दस्तूर आहे: तांबडे 0 अंशांचे, पिवळे 15, हिरवे 25, पांढरे 40 अंशांचे, आणि काळे साबणासाठी. तांबडे नोझल घरगुती कामात जवळजवळ निरुपयोगी, आणि अडाणी हातात घातक. आरंभ नेहमी रुंद फवाऱ्याने आणि दोन हात अंतरावरून करावा, एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यावर परिणाम पाहावा, आणि मगच जवळ सरकावे. जांभा सच्छिद्र असतो. झोत जवळ नेला तर शेवाळाबरोबर त्याच्या छिद्रांतली माती आणि दर्जांमधला चुनाही निघून येतो, आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरू लागते. मंगलोरी कौलांवर खालून वर झोत मारणे म्हणजे घरात आपण होऊन पाऊस पाडणे. मोटारीच्या टायरांपासून निदान 30 सेंटिमीटर अंतर राखावे, कारण झोताने टायरच्या बाजूला झालेली इजा पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. रेडिएटरच्या पातळ पात्या, मोटारसायकलची बेअरिंगे आणि गच्चीवरची सौरपटले ह्यांच्या वाटेस जाऊच नये.

गोठ्यांवर आणि जुन्या चाळींवर अजून सर्रास दिसणारे सिमेंटचे पत्रे ह्यांचा निर्देश वेगळा केला पाहिजे. त्यांतील बहुतेक जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. झोताने पत्र्याचा पृष्ठभाग खरवडला जाऊन ते तंतू पाण्याबरोबर आसपास पसरतात, वाळल्यावर हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात शिरून अनेक वर्षांनी कर्करोगासारख्या व्याधींना कारण होतात. असा पत्रा शेवाळलेला राहिला तरी चालेल.

यंत्राची निगा ही बव्हंशी पाण्याची निगा होय. आत घेतलेले पाणी अपुरे पडले, की पंपात बाष्पाचे बुडबुडे धरतात, ते फुटताना धातूला खड्डे पाडतात, आणि यंत्र खडखडू लागते. बऱ्याच बंगल्यांत टाकीचा दाब कमी असतो, तेथे नळी सरळ, आखूड आणि निदान अर्ध्या इंचाची असावी. आरंभी मोटर बंद ठेवून खटका दाबावा, बुडबुड्यांची फुरफुर थांबून अखंड धार लागली म्हणजे हवा निघाली असे समजावे, आणि मगच बटण सुरू करावे. मोटर चालू ठेवून खटका सोडून गप्पा मारीत बसू नये. ज्या यंत्रांत मोटर आपोआप थांबत नाही, त्यांत तेच पाणी पंपात घुटमळून तापते आणि वायसर करपवते. एक-दोन मिनिटांपलीकडे काम थांबणार असेल, तर बटण बंद करावे.

काम आटोपल्यावर आधी मोटर, मग तोटी बंद करावी, आणि शेवटी खटका दाबून नळीत कोंडलेला दाब सोडावा. हा क्रम चुकला तर जोड सोडविताना तोंडावर फवारा येतो. आत शिरणाऱ्या पाण्याच्या मुखाशी असलेली जाळी दर वेळी धुवावी. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नोझलमध्ये साचतो, तो बारीक सुईने, आणि तीही उलट्या बाजूने, काढावा. पण सुई फिरवून छिद्र मोठे करू नये. दर मिनिटाचे पाणी ठराविक असल्यामुळे 1 मिलिमीटरचे छिद्र झिजून 1.2 मिलिमीटर झाले, तरी दाब निम्म्याहून खाली येतो. ‘यंत्राचा दम गेला’ ह्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढ्याशा झिजेत असते, आणि एरवी पंप बदलण्याचा खर्च सांगणाऱ्या कारागिरापुढे हा हिशेब ठेवण्यास हरकत नाही. ज्या मोठ्या पंपांत तेल असते, त्यांतले तेल दुधासारखे पांढरट दिसू लागले तर आत पाणी शिरले आहे, असे निश्चित समजावे. ब्लीचिंग आणि आम्ल ही दोन्ही यंत्रातून सोडू नयेत. एकत्र आली तर त्यांतून विषारी क्लोरीन निघतो, तो वेगळाच.

वर्षातून दोनदाच अंगण धुणाऱ्या कुटुंबाने हे यंत्र विकत घ्यावे की नाही, ह्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. आठ-दहा महिने पाणी कोंडून पडून राहिलेले यंत्र ऐन दिवाळीत गळते किंवा जाम होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यापेक्षा गृहनिर्माण संस्थेने एक चांगले यंत्र घ्यावे, ते कोणी चालवावयाचे हे ठरवून त्या माणसास नीट शिकवावे, गमबूट आणि चष्म्याचा खर्च त्याच मंजुरीत धरावा, आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटे ते चालविण्याची तजवीज करावी.