सोलापूरचे डॉक्टर

चीनच्या हेबेई प्रांतात शिजियाझुआंग नावाचं शहर आहे. तिथल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत एका सोलापूरकराची समाधी आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची. एका वैद्यकीय विद्यालयालाही त्यांचंच नाव आहे.

आपल्याकडच्या एखाद्या मुलाला विचारा. ‘त्यांच्यावर सिनेमा होता ना?’ एवढंच उत्तर येईल, तेही आजोबांनी सांगितलेलं. होता खरा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी तो १९४६ मध्ये काढला. पण सिनेमाचं नाव लक्षात राहिलं आणि काम मागे पडलं.

ते काम असं. १९३७ मध्ये जपानने चीनवर स्वारी केली. सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि आपले कोटणीस असे पाच जण सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. आपण स्वतःच तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात! मुलांना गोष्ट इथूनच सांगावी.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना कळली. ते तिथेच राहिले. बाकीचे चौघे पुढेमागे मायदेशी आले. डोंगराळ भागात, लढाईच्या तोंडावर कोटणीस जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. १९४० च्या एका लढाईत सलग ७२ तास न झोपता त्यांनी काम केल्याचं सांगतात. चिनी भाषा शिकून त्यांनी तिथल्या पोरांना शल्यचिकित्सा शिकवली, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे ते संचालक झाले. परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचं होतं, तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने डॉक्टर गेले. वय ३२.

चार हुतात्म्यांची नावं सोलापुरातलं लहान पोरही सांगतं, कारण १२ जानेवारीला ती दरवर्षी कानांवर पडतात. कोटणीसांचं जन्मघर भैया चौकात आहे, २०१२ पासून तिथे स्मारक आहे. चीनहून पाहुणे येतात, फुलं वाहतात. आपल्या शाळांच्या सहली मात्र बसमध्ये बसून थेट गावाबाहेर जातात. भैया चौक तर पायी जाण्याजोगा आहे. ९ डिसेंबरला एखादा वर्ग तिथे न्यावा आणि यिनहुआ या नावाचा अर्थ मुलांनाच विचारावा.