एक टाका सुटला की शिडी का पडते?

मागावरच्या कापडात उभा ताणा असतो, आडवा बाणा असतो. एक धागा तुटला तर भोक बहुतेक जागेवरच राहतं. सुयांवर विणलेल्या स्वेटरचं तसं नाही. इथे एकच धागा ओळीओळीनं फिरतो. प्रत्येक टाका म्हणजे त्याचा एक फास, आणि त्याला धरून ठेवतो तो त्यातून ओढलेला वरच्या ओळीचा फास.

स्वेटर आपण ताणतो तेव्हा धागा फारसा लांबत नाही. फास आकार बदलतात. पण एक फास तुटला आणि ताण तसाच राहिला, की खालचा निसटतो, मग त्याच्या खालचा. झाली शिडी! लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, म्हणून ती हळू सरकते. गुळगुळीत नायलॉनच्या मोज्यात मात्र बघता बघता खाली पोचते.

मग आपण काय करायचं? सुटलेला धागा ओढायचा नाही, कापायचाही नाही. आधी मोकळा फास सेफ्टी पिनेत अडकवायचा. मग क्रोशाच्या सुईनं शिडीची एकेक पायरी फासातून ओढत वर चढायचं. तुटलेल्या जागी नवा धागा घालून टोकं आतून पक्की केली, की घरचा स्वेटर वाचला.