काहून?

बारावीपर्यंत गणिताचा पेपर बहुतेक वेळा एकच हुकूम सोडतो: काढा. किंमत काढा, डेरिव्हेटिव्ह काढा, क्षेत्रफळ काढा. बीएस्सीला वही तीच, x तोच, पण हुकूम बदलतो: सिद्ध करा. वऱ्हाडातलं पोरगं विचारतं, ‘काहून? दिसूनच तर राह्यलं!’

दिसतंय तेच घेऊ. x² − 2 चा आलेख. 1 पाशी तो अक्षाखाली, 2 पाशी वर. पेन न उचलता काढला, म्हणजे मध्ये कुठंतरी अक्षाला छेदणारच. आता एवढीच अट घाला की फक्त परिमेय संख्या, म्हणजे अपूर्णांक, वापरायच्या. 1.4 ला आलेख खाली, 1.5 ला वर. 1.41 ला खाली, 1.42 ला वर. 1.414 ला खाली, 1.415 ला वर. जन्मभर चाचपलं तरी शून्य हाती लागणार नाही, कारण कुठल्याच अपूर्णांकाचा वर्ग 2 होत नाही. कुठल्याही दोन अपूर्णांकांमध्ये तिसरा असतोच, इतकी त्यांची दाटी. तरी आलेख त्यातून कुणाचा खांदाही न लागता पार होतो!

चाचपण्यावरून महानुभाव पंथाचं रिद्धपूर आठवतं. चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त मांडले, हत्ती चाचपणारे आंधळे त्यातलेच. प्रत्येक जण हाताला लागलं ते खरंच सांगतो. मला मोह पडतो तो मांडणीचा: सूत्र, दृष्टांत आणि त्याखाली केसोबासांचं दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लागू पडतं त्याचा उलगडा. (विषय अध्यात्माचा, महानुभावांवर मी कॅल्क्युलस लादत नाही.) गोष्ट पटली तरी सांधा दाखवावा लागतो, हे त्यांनी सातशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आलेखाचं चित्र हाही दृष्टांतच.

या दृष्टांताचं दार्ष्टांतिक मिळायला न्यूटन-लायब्निझनंतर जवळपास दोन शतकं गेली. बोल्झानोनं 1817 मध्ये नेमकं हे छेदणंच सिद्ध करायला घेतलं, पण मुळात संख्यारेषा कशाची बनली आहे, हे तेव्हा कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. 1858 मध्ये झुरिकला कॅल्क्युलस शिकवताना सत्तावीस वर्षांच्या डेडेकिंडला टोचणी लागली की कारण द्यायच्या जागी आपण चित्र दाखवतोय. त्याचा तोडगा अफलातून आहे. अपूर्णांकांची रेषा कुठंही कापा, डावा ढीग आणि उजवा ढीग करा. कापलेल्या जागी अपूर्णांक नसेल, तर त्या कापालाच संख्या म्हणा. भोकालाच नाव दिलं की बुजलं!

पहिल्या वर्षाला फळ्यावर ‘पूर्णता’ नावाचं जड वाक्य येतं, ते याच बुजवण्याचं. ते पुसून पाहा. बारावीत घोकलेलं रोलचं प्रमेय घ्या आणि x³ − x. 0 ला शून्य, 1 लाही शून्य, मध्ये दरी. दरीच्या तळाशी उतार शून्य, असं प्रमेय सांगतं. तो तळ आहे 1/√3 पाशी, आणि अपूर्णांकांच्या जगात तिथं भोक आहे.