शाहिराला वक्ता म्हणून बोलावताना

गाण्यातून चळवळीत आलेला कलावंत व्यापारी संघटनेच्या मेळाव्यात वक्ता म्हणून हवा असेल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: लोक त्याच्या गळ्याइतकेच त्याचे मत ऐकायला येतात. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख. अण्णा भाऊ साठे व शाहीर गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. लालबाग-परळचा गिरणी कामगार त्यांच्या पोवाड्यांना गर्दी करी, ती नुसत्या सुरांसाठी नव्हे. अशा परंपरेतल्या माणसाला 'फक्त गा, बोलू नका' म्हणणे हा त्याचा अपमान आणि आपल्या पैशाचाही अपव्यय.

म्हणून विषय, वेळ, गाणी, मानधन, आगाऊ रक्कम आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे सारे पत्रावर ठरवावे. सभासदांनाही विषय आधीच कळवावा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. ध्वनिमुद्रणासाठी कलावंताची लेखी संमती घ्यावी. कॉपीराइट कायद्याने तो हक्क त्याचा आहे. करकपातीचा नियम ज्यांना लागू आहे, त्यांनी वर्षाचे मानधन ५० हजारांवर गेल्यास (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची) १० टक्के कापून सरकारात भरावेत. घासाघीस मानधनावर करावी, मतावर नको.